अहवालात पाण्याचा रकाना नाही

प्रति,
कोकण किनाऱ्यावर शेवाळ शेतीच्या योजना आखणारे, मंजूर करणारे आणि त्यांचे अहवाल लिहिणारे सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाने लिहिलेला दीड पानी अहवाल माझ्यासमोर आहे. आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या ११ बायकांनी गेल्या उन्हाळ्यात खाडीच्या तोंडाशी ३० तराफे सोडले होते. मेच्या मध्यावर त्यांवरचं सगळं शेवाळ आठवड्याच्या आत मेलं, त्याबद्दलचा हा अहवाल. कारणाच्या जागी एकच वाक्य आहे: ‘लाभार्थी गटाकडून पुरेशी निगा राखली गेली नाही.’ खाली सही, शिक्का. तराफ्यांची संख्या आहे, बांबूंचे नग आहेत, दोरीचं वजन आहे, बायकांची यादी आहे. पाण्याबद्दल एक अक्षर नाही. जे पीक रात्रंदिवस पाण्यात उभं असतं ते का मेलं हे शोधताना पाणी कसं होतं, हे कुणी विचारलंच नाही. साध्या अर्जाची पोच मिळाली, उत्तर आलं नाही, म्हणून हे उघडं पत्र.

मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. मासेमारी माझ्या घरात नाही आणि शेवाळाचा मी तज्ज्ञही नाही. पण गटातल्या चौघी माझ्या विद्यार्थिनी. त्यामुळे बियाणं आलं त्या दिवसापासून मी काठावर होतो, निवृत्त माणसाला दुसरं काम तरी काय.

बियाणं यायचं होतं दिवाळीनंतर. आलं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. फाइल कुठे अडकली होती ते तुम्हालाच ठाऊक. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून ओल्या गोणपाटात दोन दिवस प्रवास करून कप्पाफायकस या लागवडीच्या शेवाळाच्या फांद्या आमच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा मधल्या पोत्यांतून हात घातला तर आत उबट लागत होतं. बायकांनी त्याच दुपारी बसून बांधायला घेतलं. एका तराफ्याला साधारण ६० किलो बी आणि ४५ दिवसांनी काढणी, हे गणित प्रशिक्षणात सगळ्यांनी पाठ केलं होतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ४५ दिवस मिळवले की जून उजाडतो, हे मात्र कुणी बोललं नाही. म्हणजे एकीने विचारलं होतं. ‘बघू’ असं उत्तर मिळालं.

पहिले तीन आठवडे बरे गेले. फांद्या तपकिरी-हिरव्या, काचेच्या बांगडीसारख्या कुरकुरीत, मोडली तर टक्कन आवाज. मग मेच्या मध्यावर भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याचे, दिवस आले. वारा पडला, पाणी तेलासारखं स्थिर, दुपारी तराफ्याशेजारी हात बुडवला तर गरम लागावं इतकं. त्यात दोन रात्री वळवाचा पाऊस झाला, विजा कडाडून. सकाळी खाडी तांबडी होऊन खाली आली. तिसऱ्या दिवशी गटाची अध्यक्ष एक फांदी घेऊन माझ्या पडवीत आली.

“मास्तरांनू, ह्या शितासारख्या पांढरा कित्याक झाला?”

खरंच शितासारखं होतं. फांदीचा मधला दोन बोटांचा भाग शिजल्या भातासारखा पांढरा आणि मऊ, दोन्ही टोकं अजून हिरवट. चिमटीत धरलं तर टक्कन आवाज नाही, नुसतं दबलं आणि तुटलं. फिलिपिन्सच्या शेवाळ शेतकऱ्यांनी याच रोगाला ‘आइस-आइस’ असं नाव दिलं. तिकडे त्याची पहिली नोंद १९७४ ची आहे. म्हणजे हे काही आमच्या खाडीत नव्याने उपजलेलं संकट नव्हे, पन्नास वर्षांचं जुनं दुखणं आहे.

त्याच दुपारी मी होडीतून जाऊन तराफ्यालगत पाणी भरून आणलं. एक बाटली वरच्या थरातली, दुसरी दगड बांधून साधारण दोन मीटर खाली सोडलेली. घरी सिल्व्हर नायट्रेट होतं. पाण्यातलं क्लोराइड मोजायची मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची रीत १८५६ सालची आहे आणि आजही बारावीच्या पोराला जमते. पाणी दहापट पातळ करायचं, त्यात पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटचे दोन-चार थेंब, वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब. आधी दह्यासारखा पांढरा साका बसतो. सगळं क्लोराइड संपलं की पुढचाच थेंब विटकरी तांबडा रंग देतो आणि तो हलवूनही जात नाही. तिथे थांबायचं. मिळालेल्या क्लोराइडच्या आकड्याला १.८०६५५ ने गुणलं की क्षारता येते. अध्यक्षबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. वरच्या बाटलीचा आकडा आला हजारी १८. खालच्या बाटलीचा, हजारी ३१.

खुल्या समुद्राचं पाणी हजारी ३५ च्या आसपास असतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. आमचे तराफे नेमके त्या थरात, आणि बी तराफ्याला वीतभर खाली बांधलेलं. पुरुषभर खाली खारं, जगण्याजोगं पाणी होतं आणि वर आमचं पीक गोड्या पाण्यात उकडत होतं. प्रयोगशाळेत या शेवाळावर आइस-आइस मुद्दाम आणून बघितला गेला आहे. १९९० च्या दशकातच हे कळलं की तापमान ३३ ते ३५ अंशांवर गेलं, किंवा क्षारता हजारी २० च्या खाली आली, किंवा उजेड फार कमी पडला, तर फांद्या पांढऱ्या पडतात. गढूळ पाणी, गरम पाणी, गोडं पाणी. आमच्याकडे तिन्ही एका आठवड्यात जमली. यात निगा कुठे राखायची होती, ते मला अजून कळलेलं नाही.

आता जरा फांदीच्या आत काय चाललं होतं ते सांगतो. ते कळल्याशिवाय माझी मागणीही कळणार नाही.

शेवाळाला मुळं नसतात, साल नसते, पळून जायला पाय नसतात. भोवतालचं पाणी बदललं की त्याच्याकडे एकच उपाय उरतो, आतलं रसायन बदलणं. बाहेर मीठ कमी झालं की पाणी पेशीत घुसायला लागतं आणि पेशी फुगते. मग ती आतले क्षार बाहेर फेकते, आतली विरघळलेली साखरेसारखी द्रव्यं कमी करते. तांबड्या शेवाळांत फ्लोरिडोसाइड नावाचं द्रव्य हे काम करतं, तपकिरी शेवाळांत मॅनिटॉल. आपण लोणच्यात मीठ कमी-जास्त करतो तसंच, पण इथे कमी-जास्त करायची वेळ दर भरती-ओहोटीला येते आणि प्रत्येक वेळी खर्च होतो तो वाढीच्या वाट्याचा.

उष्णता आणि कडक ऊन मिळालं की दुसरा गोंधळ. प्रकाशसंश्लेषणाच्या साखळीत इलेक्ट्रॉन तुंबतात आणि भलतीकडे, ऑक्सिजनच्या गळ्यात पडतात. त्यातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेरॉक्साइड म्हणजे दवाखान्यात जखमेवर ओतल्यावर फेस काढतं तेच. पेशीत ते साचलं तर पेशीलाच पोखरतं. म्हणून शेवाळाकडे ते निस्तरणारी विकरं असतात: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज, अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज. ताण आला की पहिल्या काही तासांत यांची धावपळ वाढते. बाहेरून फांदी अजून हिरवीगार दिसते. एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते: हेच पेरॉक्साइड शेवाळ हत्यार म्हणूनही वापरतं. समुद्राच्या पाण्यातलं ब्रोमाइड घेऊन, व्हॅनेडियम असलेल्या एका विकराच्या मदतीने, पेरॉक्साइड खर्चून ते ब्रोमीनची संयुगं बनवतं आणि अंगावर चढू पाहणाऱ्या जिवाणूंवर सोडतं. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो त्याचीच सागरी आवृत्ती. कप्पाफायकसच्या सख्ख्या नातलगाने, युकेमाने, ऊन आणि पाण्याचा सामू वाढल्यावर अशी संयुगं जास्त सोडल्याचं झांझिबारच्या किनाऱ्यावरच्या शेवाळात मोजलं गेलं आहे.

त्याहून नवलाची गोष्ट ग्रॅसिलेरियाची. हे तांबडं शेवाळ आपल्याही खाड्यांत होतं, अगार त्याच्यातूनच काढतात. जिवाणू त्याच्या पेशीभित्तिका कुरतडू लागला की अगारचे बारीक तुकडे सुटतात. शेवाळ ते स्वतःच्याच घराच्या भिंतीचे कपचे ओळखतं आणि काही मिनिटांत पेरॉक्साइडचा लोट सोडतं. पडवीत कौल पडल्याचा आवाज आला की माणूस काठी घेऊन उठतो, तसं.

पण हे सगळं ताणून ताणून किती वेळ? विकरं पुरी पडेनाशी झाली की आधी रंगद्रव्यं जातात. तांबडं फायकोएरिथ्रिन, मग हरितद्रव्य. पेशी पाझरायला लागते, तो पाझर खायला जिवाणू जमतात, आणि त्यांच्यातल्या काहींकडे कॅराजीनन, म्हणजे शेवाळातलं जेली धरणारं द्रव्य, पचवणारी विकरं असतात. ज्या कॅराजीननसाठी आपण हे शेवाळ लावतो, तेच त्यांचं जेवण. फांदी पांढरी दिसते तेव्हा पहिली फेरी केव्हाच हरलेली असते. पांढऱ्या फांद्या काढून टाका, हा तुमच्या प्रशिक्षणातला एकमेव सल्ला त्या पायरीचा आहे.

आता एक आडवळण घेतो, कारण ‘शेवाळ म्हणजे घाण’ असं मानणारे तुमच्यातही आहेत, आमच्यातही आहेत.

श्रावणात आमच्या खडपांच्या अगदी वरच्या कातळावर, जिथे फक्त लाटेचे शिंतोडे पोचतात, जांभळट-तपकिरी पातळ पापुद्रे उगवतात. शास्त्रीय नाव पोर्फिरा व्हिएतनामेन्सिस. जपानी सुशीला गुंडाळतात ती नोरी याच्याच कुळातली. ऊन पडलं की दोन तासांत हा पापुद्रा पापडासारखा वाळतो, नखाने उचकटला तर चुरा होतो. पाऊस आला, लाट आली, की परत मऊ, परत जिवंत. या कुळातली काही शेवाळं अंगातलं दहा भागांतलं नऊ भाग पाणी गमावूनही मरत नाहीत. आणि उन्हासाठी यांच्याकडे स्वतःचं लेपण असतं, मायकोस्पोरिन जातीची अमिनो आम्लं. त्यांतल्या एकाचं नाव पोर्फिरा-३३४. तो आकडा म्हणजे ते जास्तीत जास्त शोषून घेतं त्या अतिनील किरणाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये. नातलग पोर्फिरातून काढलेली ही द्रव्यं युरोपातल्या सौंदर्यप्रसाधनांत जातात. आमच्याकडे पोरं त्यावरून घसरून पडतात तेवढीच त्याची ओळख.

दिवाळीनंतर खालच्या कातळावर सरगॅसम उभं राहतं, मोहरीएवढे फुगे घेऊन. त्याच्यात आणि त्याच्या तपकिरी भाऊबंदांत फ्लोरोटॅनिन असतात. काजूचं बोंड खाल्ल्यावर घसा धरतो ना, त्याच तुरट घराण्यातले. वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर फ्यूकस नावाच्या शेवाळाच्या फांद्या मुद्दाम कातरल्या, तर दोन आठवड्यांत त्यातले फ्लोरोटॅनिन सुमारे २० टक्क्यांनी वाढलेले आढळले. युरोपातल्या दुसऱ्या एका जातीत तर शेजारच्या फांदीला गोगलगाय खातेय एवढा पाण्यातून सुगावा लागला तरी तुरटपणा वाढतो.

आणि आयोडीन. ते मूलद्रव्य सापडलंच शेवाळामुळे. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा नावाचा गृहस्थ नेपोलियनच्या दारूगोळ्यासाठी सोरा तयार करत होता. शेवाळाच्या राखेवर गंधकाम्ल जरा जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. हा प्रसंग मी दरवर्षी अकरावीला सांगायचो. शेवाळ इतकं आयोडीन साठवतं कशाला, हे मात्र मला निवृत्तीच्या जवळ कळलं. युरोपच्या थंड किनाऱ्यावरचं लॅमिनेरिया आयोडाइड साठवतं ते ताणावरचा उतारा म्हणून. ओहोटीला उघडं पडलं की ते आयोडाइड बाहेर सोडतं, ते पेरॉक्साइड आणि हवेतला ओझोन दोन्ही निस्तरतं आणि आयोडीनची वाफ हवेत जाते. आयर्लंडच्या मेस हेड इथे या वाफेतून बनलेले सूक्ष्म कण मोजले आहेत, ज्यांच्यावर ढगाचे थेंब धरू शकतात. लॅमिनेरिया आपल्याकडे होत नाही, आपलं पाणी त्याला गरम पडतं. पण ओहोटीला खडपावर जाऊन श्वास घेतला की जो वास येतो, तोही शेवाळाच्या ताणाच्या हिशेबातलाच आहे. त्यातला मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइडचा, आणि ते ज्यापासून सुटतं ते द्रव्य हिरवं उल्व्हा मिठाच्या चढउताराशी जुळवून घ्यायला अंगात बाळगतं.

गंमत बघा. माझा पुतण्या हापूसच्या मोहरावर फवारायला ‘सागरी शैवाल अर्क’ लिहिलेली बाटली आणतो. २०२१ पासून केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात असल्या जैवउत्तेजकांसाठी वेगळी तरतूदही आहे. आंब्याला ऊन-पावसाचा ताण सोसावा म्हणून आपण शेवाळाचा अर्क विकत घेतो. खुद्द शेवाळाला ताण आला का, हे बघायला कुणाला सवड नाही.

हापूसचा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगून टाकतो. देवगडचा बागायतदार तुम्हाला सांगेल की कलम म्हणजे त्याच झाडाचा पुढचा अवतार. कप्पाफायकसची शेती फांदी तोडून, ती बांधून, तीच वाढवून चालते. भारतात ते १९८० च्या दशकात जपानहून गुजरातच्या किनाऱ्यावर आणलं गेलं आणि पुढे तमिळनाडूतल्या मंडपमला गेलं. आजची शेती बहुतेक त्याच मुठभर बियाण्याच्या कलमांवर चालते. वर्षानुवर्षं तीच फांदी. एकीला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही. २०१३-१४ च्या सुमारास तमिळनाडूत हे पीक मोठ्या प्रमाणावर मेलं आणि उत्पादन कोसळलं, ते तिथल्या बायकांना अजून आठवतं. तिथे तर वर्षाकाठी आपल्यासारखा चार महिन्यांचा नैऋत्य मोसमी मार नसतो. तरी तीच जात, तेच ४५ दिवस, तोच तराफा, तसाच्या तसा उचलून आमच्या खाडीच्या तोंडाशी. वेळापत्रकही मार्चअखेरीला खर्ची टाकायच्या पैशाचं.

झांझिबारमध्ये १९८९ पासून ही शेती आहे आणि ती करणाऱ्या बहुतेक बायकाच. उथळ पाणी तापू लागलं आणि कप्पाफायकस वारंवार मरू लागलं, तेव्हा तिथे दोऱ्या खोल पाण्यात नेण्याचे प्रयोग झाले. त्यासाठी बायकांना पोहायला शिकावं लागलं, होड्या लागल्या. आमच्या दोन बाटल्यांतला १८ आणि ३१ चा फरक हीच गोष्ट सांगतो. वळवाच्या पावसाचा इशारा आला की तराफ्याला दगड बांधून तीन दिवस दोन मीटर खाली सोडायचा. सगळं वाचलं असतं असा माझा दावा नाही. पण पाण्याचा आकडा आदल्या संध्याकाळी हातात असता तर ११ बायकांनी निदान प्रयत्न केला असता. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर हाताच्या पंजाएवढा असतो. काचेवर एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. मोरची रीत शिकायचीही गरज नाही. तुमच्या योजनेत छत्र्या आहेत, टोप्या आहेत, बोधचिन्ह छापलेल्या पिशव्या आहेत. हे यंत्र नाही आणि पाण्यात बुडवायचा तापमापकही नाही.

आता पैशाचं बोलू. आमच्या जिल्ह्यात आंबा-काजूला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्याच्याबद्दल बागायतदारांच्या तक्रारी शंभर असतील, पण त्याचं तत्त्व सरळ आहे. अवेळी पाऊस झाला, पारा ठरलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली गेला, की मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद हाच पुरावा. बागायतदाराने निगा राखली का, असं तिथे कुणी विचारत नाही. मग शेवाळासाठी पाण्याचं तापमान आणि क्षारता यांचे आकडे का ठरवता येत नाहीत? ३३ अंश आणि हजारी २० हे आकडे हवेतून काढावे लागणार नाहीत. खाडीच्या तोंडाशी एक नोंदयंत्र बांधा, त्याची नोंद तलाठ्यालाही वाचता येईल. तोवर पंचनाम्यात निदान पाण्याचा रकाना घाला. रकाना असला की कुणीतरी तो भरायला जातं, निदान अंदाजे तरी.

आणखी एक. तुम्ही यश मोजता ते ओल्या वजनात. १० किलो ओलं वाळवून साधारण किलोभर कोरडं उरतं, आणि त्या कोरड्याचा भाव ठरतो त्यातलं कॅराजीनन किती आणि त्याची जेली किती घट्ट बसते यावर. आइस-आइस लागलेल्या फांद्यांत दोन्ही घटतात. अर्धवट ताण सोसलेलं पीक वजनाला भरतं आणि व्यापाऱ्याच्या तपासणीत पडतं. तेव्हा व्यापारी बायकांना सांगतो ‘तुमचा माल हलका’. तोही निगेवरच येतो. प्रत्येक लॉटबरोबर त्या काळातल्या पाण्याची नोंद असेल तर बायकांना निदान वाद तरी घालता येईल.

सरगॅसमसारखी तपकिरी शेवाळं गोळा करून खाद्य किंवा खत करायचे प्रस्ताव ऐकू येतात. तिथे माझी भीती उलट्या दिशेची आहे. या शेवाळांतलं अल्जिनेट नावाचं चिकट द्रव्य जड धातू धरून ठेवतं. गढूळ, घाण पाण्यात तग धरायची त्यांची ती एक रीत, आणि त्याच गुणामुळे सांडपाणी साफ करायला शेवाळ वापरायचे प्रयोग होतात. पण ताटात तेच धातू येतात. जपानी लोक खातात ते हिजिकी सरगॅसमच्याच घरातलं, आणि त्यातल्या आर्सेनिकमुळे ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने २००४ मध्ये ते खाऊ नका असा सल्ला दिला. ज्या खाडीत रासायनिक वसाहतीचं सांडपाणी उतरतं, जिथे बंदराची गाळउपसणी चालते, तिथलं शेवाळ प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कुणाच्या जनावराला घालू नका.

आणि कृपा करून प्रवाळांजवळ नको. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ कप्पाफायकस शेतातून सुटून जिवंत प्रवाळांवर पसरल्याचं २००८ मध्ये नोंदलं गेलं. आमच्याकडे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. त्याच्या हद्दीचा नकाशा तुमच्याच एखाद्या कपाटात असेल. त्यापेक्षा आमच्याच खाडीतलं ग्रॅसिलेरिया, आमच्याच कातळावरचं उल्व्हा लावून बघा. पन्नास-साठ पावसाळे इथलं गोडं पाणी सोसून ज्याची बेणी टिकली, त्याच्या अंगात ती किमया मुरलेली असणार. भाव कमी मिळेल, हे मला मान्य आहे. शून्यापेक्षा बरा.

बायकांवर कर्ज आहे. गटाच्या खात्यातून बांबू आणि दोऱ्यांचा स्वतःचा हिस्सा भरला होता, तो बुडाला. त्याहून जास्त लागलं आहे ते तुमचं वाक्य. ज्या बाईने पहाटे साडेचारला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फांदीवरचा गाळ झटकला, तिने स्वतःच्या सहीने ‘निगा राखली नाही’ स्वीकारावं असा आग्रह धरला गेला. तिने सही केली नाही. बरोबर केलं. त्या अहवालातलं ते वाक्य काढून त्या जागी मी मोजलेले दोन आकडे घाला. मोजण्याची पद्धत, तारीख, वेळ आणि भरतीची स्थिती मी कळवलेली आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर तुमचा माणूस पाठवा.

दोऱ्या धुऊन मांगरात टांगून ठेवल्या आहेत. नारळी पौर्णिमा झाली की बायका विचारायला येतील, यंदा बांधायचं की विकून टाकायचं. मी त्यांना सांगितलंय की बियाणं दिवाळीच्या पंधरवड्यात हातात पडलं तर बांधा, जानेवारी उलटला तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्या आधी एकदा या. अमावस्येच्या उधाणात उजाडता उजाडता पाणी तळाला जातं, तेव्हा खडप पार बाहेरपर्यंत उघडं पडतं आणि मी सांगितलेलं बहुतेक सगळं तिथे चालत बघता येतं. चपला नकोत, कालवं पाय कापतात, जुने बूट घालून या. सिल्व्हर नायट्रेटची बाटली अर्धी शिल्लक आहे, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळून ठेवली आहे. पाणी तुम्ही भरा, ब्युरेटची चावी अध्यक्षबाई फिरवतील. त्यांना आता येतं.

आपला,
खाडीकाठचा एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक